यून्डे: गावाने विकत घेतलेली ऊब आणि वीस वर्षांचा दर

दक्षिण नीडरझाक्सनमध्ये, ग्योटिंगेन शहराच्या नैऋत्येला दहा-पंधरा किलोमीटरवर यून्डे हे गाव आहे. वस्ती सुमारे साडेसातशे. शेजारचे बार्लिसन धरले तर गावपालिकेची लोकसंख्या हजाराच्या घरात जाते. २००५ च्या सप्टेंबरात या गावाच्या कडेला उभारलेल्या केंद्रातून घराघरांत गरम पाणी वाहू लागले आणि सुमारे १४० घरांनी तळघरातले तेलाचे बॉयलर काढून टाकले. ऊब आणि वीज या दोन्ही गरजा मुख्यतः स्वतःच्या शिवारातल्या पिकांवर आणि जंगलातल्या लाकडावर भागवणारे जर्मनीतले पहिले ‘बायोएनर्जी गाव’ म्हणून यून्डेचे नाव झाले. पुढे शंभराहून जास्त जर्मन गावांनी हा मार्ग धरला.

बायोगॅस, लाकडाचा बॉयलर, नळ यांपैकी एकही वस्तू तेव्हा नवी नव्हती. नवा होता तो कामांचा क्रम आणि गावाने केलेला पैशाचा हिशेब. प्रकल्प उभा राहिला तो या क्रमामुळे. पंधरा वर्षांनी तो गावाच्या हातून गेला, त्याची मुळेही याच हिशेबात सापडतात.

जमीन, रस्ते, वस्ती

यून्डे ड्रान्सफेल्डच्या पठारी भागात, एका उथळ खोलगट जागी वसले आहे. खाली शंखशिंपल्यांचा चुनखडक आहे आणि त्यावर ठिकठिकाणी वाऱ्याने आणून टाकलेल्या बारीक लोएस मातीचा थर आहे. चुनखडकाच्या चढांवर जंगल आणि लोएसवर शेती, अशी या भागाची विभागणी. पाऊस वर्षाला साधारण साडेसहाशे ते सातशे मिलिमीटर, तोही बाराही महिने विभागून पडणारा. त्यामुळे गहू, जव, मोहरीवर्गातली रेपसीड, मका आणि ट्रिटिकेल ही पिके पाणी न देता येतात. ट्रिटिकेल म्हणजे गहू आणि राय यांचा संकर.

जवळच्या होअर हागन या बसाल्टच्या टेकडीचे नाव गणिताच्या विद्यार्थ्यांच्या कानावर असेल. हानोव्हर राज्याची मोजणी करताना कार्ल फ्रीडरिश गाउसने ब्रोकेन, इन्सेल्सबेर्ग आणि होअर हागन या तीन शिखरांचा मोठा त्रिकोण घेतला होता. पुढे टेकडीवर त्याच्या नावाचा मनोरा उभा राहिला. बसाल्टच्या खाणीने पाया खचून तो १९६३ मध्ये कोसळला आणि पुढच्याच वर्षी नवा बांधला गेला. पश्चिमेला हान म्युंडेन येथे वेरा आणि फुल्डा या नद्या एकत्र येतात आणि तिथून पुढे वेझर नदी सुरू होते. राजकीय इतिहास थोडक्यात सांगायचा तर हा भाग हानोव्हरच्या राज्यात होता, १८६६ मध्ये प्रशियाने तो गिळला आणि १९४६ पासून तो नीडरझाक्सन राज्यात आहे. १९७० च्या दशकातल्या फेररचनेत लहान गावे एकत्र केली गेली, त्यात बार्लिसन यून्डेला जोडले गेले.

कारभाराची पद्धत आपल्या वाचकाला ओळखीची वाटेल, पण ती हुबेहूब ग्रामपंचायत नव्हे. यून्डेला स्वतःची निवडून आलेली परिषद आहे. महापौर मानद असतो, म्हणजे आपली नोकरी किंवा शेती सांभाळून तो हे काम करतो. कचेरीचे काम मात्र ड्रान्सफेल्ड इथल्या संयुक्त पालिकेकडे आहे. ड्रान्सफेल्ड, ब्युरेन, नीमेटाल, शेडेन आणि यून्डे या पाच पालिकांनी मिळून ती चालवली आहे. परिषद ठराव करते, पण कागद रंगवणारे कर्मचारी गावात नसतात. म्हणून इथे मोठे काम उभे राहायचे तर ते लोकांच्या संध्याकाळींवर आणि शनिवारांवर उभे राहते. स्वयंसेवी अग्निशमन दल, क्रीडामंडळ आणि गायनमंडळ यांच्या निमित्ताने नियमित भेटण्याची सवय अशा गावांत मुरलेली असते, आणि यून्डेला तिचा फार उपयोग झाला.

हानोव्हर ते व्युर्ट्सबुर्ग हा द्रुतगती रेल्वेमार्गही याच शिवारातून जातो. ‘यून्डे’ नावाचे ठिकाण त्या मार्गावर आहे, पण तिथे फक्त एका गाडीला बाजूला घेऊन दुसरी पुढे काढतात. प्रवाशांसाठी गाडी थांबत नाही.

या सगळ्यात प्रकल्पाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे वस्तीचा आकार. घरे चर्च आणि जुन्या सरदारी वाड्याभोवती दाटीने बसलेली आहेत, रस्त्याच्या कडेने लांबवर ओढलेली नाहीत. गरम पाण्याचे जाळे घालताना नळाचा प्रत्येक मीटर दोन वेळा पैसे खातो, एकदा खोदताना आणि नंतर रोज गळणाऱ्या उष्णतेच्या रूपाने. यून्डेत सुमारे साडेपाच किलोमीटर नळावर १४० घरे बसली, म्हणजे घरामागे जेमतेम चाळीस मीटर. घरे शंभर-शंभर मीटरवर असती तर हा प्रकल्प कागदावरच संपला असता.

आधी सह्या, मग खड्डे

कल्पना गावाची नव्हती. ग्योटिंगेन विद्यापीठातल्या शाश्वत विकासाच्या आंतरविद्याशाखीय केंद्रात २००० च्या सुमारास ती आकाराला आली. भूरसायनतज्ज्ञ हान्स रुपर्ट, मानसशास्त्रज्ञ पेटर श्मुक आणि कृषिशास्त्रज्ञ मारियाने कार्पेनश्टाइन-माखान ही त्यातली प्रमुख नावे. गटात मानसशास्त्रज्ञ असणे ही शोभेची बाब नव्हती. यंत्रे कुठलीही कंपनी बसवून देते, पण शेदीडशे कुटुंबांनी आपापला बॉयलर एकाच वर्षी सोडून द्यावा, हे कुठलीही कंपनी घडवून आणू शकत नाही.

तपासणीसाठी सतरा गावे पुढे आली. गावात पुरेशी गुरे आहेत का, शेतकरी करार करतील का, घरे दाट आहेत का, किती कुटुंबे जोडणी घेतील, या निकषांवर चाळणी होत होत यून्डे निवडले गेले. त्यानंतर नळ टाकण्याच्या आधी जवळजवळ तीन वर्षे बोलण्यात गेली. बायोगॅस संयंत्र, नळजाळे, घरातली जोडणी, पिके, लाकूड, संस्थेचे कायदेशीर रूप, अशा विषयांवर गावकऱ्यांचे वेगवेगळे कामगट बसले. आधी सुरू असलेली संयंत्रे पाहायला लोक गेले. वास येतो का, ट्रॅक्टरची ये-जा किती वाढते, हे प्रश्न तिथल्या शेजाऱ्यांनाच विचारता आले.

मग आले करार. घरोघरी उष्णता खरेदीचा करार आधी, बांधकाम नंतर. या क्रमात सूट नाही. कर्ज देणारी बँक, अनुदान देणारे खाते आणि नळाचा व्यास ठरवणारा अभियंता या तिघांनाही एकच आकडा लागतो: नक्की किती घरे? तोंडी ‘घेऊ की’ म्हणणाऱ्या घरांवर नळाचा व्यास ठरवला आणि त्यातली तीस टक्के घरे मागे फिरली, तर जाडा नळ वर्षानुवर्षे अर्ध्या प्रवाहावर चालतो आणि उष्णतेचा मोठा वाटा मातीला जातो. यून्डेत गावातल्या सुमारे सत्तर टक्के घरांनी सही केली. जी बाहेर राहिली त्यांना विरोधक मानू नये. ज्याने दोनच वर्षांपूर्वी नवा बॉयलर बसवला आहे, किंवा जे लाकडाच्या चुलीवर भागवणारे वृद्ध जोडपे आहे, त्यांचा हिशेब वेगळा असतो, आणि तो त्यांच्या जागी बरोबर असतो.

संस्थेचे रूप म्हणून सहकारी संस्था निवडली आणि २००४ मध्ये ती नोंदली गेली. प्रत्येक सभासदाने पाचशे युरोचा एक भाग असे किमान तीन भाग, म्हणजे पंधराशे युरो घालायचे. वर जोडणीचे हजार युरो. भाग कितीही असोत, मत एकच. पैसा जास्त घालणाऱ्याला मते जास्त दिली असती तर शेतकरी एका बाजूला आणि फक्त ऊब घेणारी कुटुंबे दुसऱ्या बाजूला, अशी फळी पडली असती. आपल्याकडे साखर कारखान्याच्या सभासदाला हा नियम तोंडपाठ असतो, आणि आपल्याकडच्या सहकाराच्या कायद्याचे मूळ याच देशात आहे. मद्रास सरकारने युरोपातल्या शेतकी पतसंस्था अभ्यासायला फ्रेडरिक निकल्सन यांना पाठवले, त्यांनी जर्मनीतल्या रायफायझन, म्हणजे गावातल्या सभासदांनीच चालवलेल्या पतसंस्थांच्या, पद्धतीची शिफारस केली आणि १९०४ चा हिंदुस्थानातला पहिला सहकारी पतसंस्था कायदा त्याच वळणावर गेला.

एकूण खर्च सुमारे ५४ लाख युरो. त्यात सभासदांचे भांडवल साधारण पाच लाख, सरकारी अनुदान पंधरा लाखांच्या आतबाहेर आणि उरलेले कर्ज. अनुदान मिळाले ते पहिला नमुना म्हणून. नंतरच्या गावांना ते त्या प्रमाणात मिळाले नाही, हे यून्डेचे आकडे उचलताना विसरू नये.

यंत्रांची मापे कशी ठरली

गावाला वर्षभर थोडी आणि हिवाळ्यात भरपूर उष्णता लागते. जुलैत फक्त अंघोळीचे आणि भांड्यांचे पाणी तापवायचे असते. जानेवारीत, बाहेर शून्याखाली दहा अंश असताना, प्रत्येक खोली वीस अंशांवर ठेवायची असते. एकच मोठे यंत्र घेतले तर ते उन्हाळाभर अर्धमेले चालते. म्हणून तीन थर केले.

पहिला थर बायोगॅसवर चालणाऱ्या इंजिनाचा. वीज क्षमता सुमारे ७०० किलोवॅट आणि इंजिन थंड करताना निघणारी उष्णता साधारण तेवढीच. हे इंजिन बारा महिने, रात्रंदिवस चालवायचे. दुसरा थर लाकडाच्या चिप्सवर चालणाऱ्या ५५० किलोवॅटच्या बॉयलरचा. तो थंडीच्या महिन्यांतच पेटवायचा. तिसरा १,६०० किलोवॅटचा तेलाचा बॉयलर. पाहणाऱ्याला नेमका हाच खटकतो: नैसर्गिक इंधनाच्या गावात सर्वांत मोठे यंत्र तेलाचे कसे? पण तो वर्षातल्या मोजक्या तासांसाठी आहे. कडाक्याच्या पहाटे सगळी घरे एकदम तापू लागतात तेव्हा, किंवा इंजिन आणि लाकडाचा बॉयलर दोन्ही बंद पडतात तेव्हा, एकट्याने सगळे गाव उचलता यावे म्हणून त्याचे माप मोठे. तेलाचा बॉयलर घेताना स्वस्त आणि चालवताना महाग असतो. क्वचित लागणाऱ्या यंत्रासाठी हेच गणित बरोबर.

घराच्या बाजूला काय बदलले ते तळघरात उतरून पाहावे. पूर्वी तिथे दोन-तीन हजार लिटरची तेलाची टाकी, बॉयलर आणि धुराड्याचा मार्ग असे. आता भिंतीवर छोट्या कपाटाएवढी पेटी असते. तिच्यात पातळ पत्र्यांचा उष्णता-विनिमयक, एक झडप, एक नियंत्रक आणि उष्णता मोजणारा मीटर. जाळ्यातले सुमारे ऐंशी अंशांचे पाणी पत्र्याच्या एका बाजूने जाते, घरातल्या रेडिएटरचे पाणी दुसऱ्या बाजूने. दोन्ही पाणी एकमेकांत कधीच मिसळत नाहीत. एखाद्या घरातला जुना नळ गळाला तरी गावाचे जाळे रिकामे होत नाही. टाकी गेल्यावर तळघरातला तेलाचा वास जातो आणि एक खोली मोकळी होते. फायद्यांच्या तक्त्यात ही गोष्ट सहसा नसते, पण घरच्या बाईला ती आधी दिसते.

शेण किती, मुरघास किती

गोबर गॅस म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गोठ्यामागची घुमटी येते. घरगुती दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज पन्नास किलो शेण लागते, म्हणजे चार-पाच जनावरे झाली. यून्डेची पाचक टाकी तीन हजार घनमीटरची आहे आणि तिचे मुख्य अन्न शेण नाही.

वर्षाला साधारण नऊ हजार घनमीटर पातळ शेणमूत्र गावातल्या गोठ्यांतून येते. सुमारे तीनशे हेक्टरांवरून बारा-तेरा हजार टन मुरघास, म्हणजे हवाबंद ठेवून आंबवलेला हिरवा चारा, येतो. रोजचा भाग काढला तर पंचवीस घनमीटर शेणमूत्र आणि पस्तीस टन मुरघास. आकारमानात दोन्ही फार दूर नाहीत, गॅसमध्ये मात्र आहेत. पातळ शेणमूत्राच्या एका टनातून पंचवीस घनमीटरच्या आसपास गॅस मिळतो, चांगल्या मक्याच्या मुरघासातून दोनशे. कारण उघड आहे: गायीच्या पोटातून गेलेल्या चाऱ्यातले सोपे अन्न गायीने आधीच काढून घेतलेले असते. म्हणजे यून्डेच्या गॅसमधला शेणाचा वाटा दहा टक्क्यांच्या आत. तरी ते हवेच, कारण जिवाणू, सूक्ष्म अन्नद्रव्ये आणि आम्लता सावरण्याची ताकद शेणातून येते, आणि घट्ट मुरघास ढवळता येण्याइतका पातळ होतो.

रोज साठ घनमीटर आत आणि टाकी तीन हजारांची, म्हणजे माल आत राहतो सरासरी पन्नास दिवस. तापमान अडतीस ते चाळीस अंश. थंड देशात हे आपोआप राहत नाही, म्हणून टाकीच्या भिंतीतून गरम पाण्याचे नळ फिरवावे लागतात आणि इंजिनाच्या उष्णतेतला चांगला वाटा टाकीच खाते. गावाला उरते ती त्यानंतरची. नवख्या आराखड्यात ही वजाबाकी हमखास राहून जाते.

पिकांच्या बाबतीत ग्योटिंगेन-कासेलच्या कृषिशास्त्रज्ञांचा आग्रह होता की नुसता मका नको. हिवाळ्यात राय किंवा ट्रिटिकेल घ्यायचे, दाणा पूर्ण पिकायच्या आत अख्खे रोप कापायचे आणि जमीन व ओल परवानगी देईल तिथे त्याच शेतात उन्हाळी पीक घ्यायचे. चारा म्हणून न वापरता गॅससाठी वापरल्यामुळे त्यात तण असले तरी बिघडत नाही आणि फवारणी कमी लागते. शिवाय जमीन हिवाळाभर झाकलेली राहते. पुढे जर्मनीत गॅससाठी मक्याची शेते इतकी वाढली की २०१२ च्या अक्षय ऊर्जा कायद्याने नव्या संयंत्रांसाठी मका आणि धान्य यांच्या वजनी वाट्यावर साठ टक्क्यांची मर्यादा घातली.

मुरघास कसा केला आहे यावर सगळे वर्ष ठरते. मका तीस ते पस्तीस टक्के कोरड्या अंशावर कापायचा. त्याआधी कापला तर रस गळतो आणि रसाबरोबर साखर जाते. उशीर केला तर तुकडे ताठ होतात, दाबताना आत हवा अडकते. बंकरमध्ये तो पातळ थरांत पसरून जड ट्रॅक्टरने दाबायचा, त्यावर प्लास्टिक, प्लास्टिकवर जुने टायर एकमेकांना चिकटवून. उघडल्यावर समोरचा कापलेला चेहरा सरळ आणि घट्ट दिसला पाहिजे. हात लावून पाहावा: आतून थंड आणि आंबूस वासाचा असेल तर चांगला. हाताला ऊब लागली तर तिथे हवा शिरली आहे आणि यीस्ट गावाची साखर जाळत बसले आहे. ती ऊब कुठल्याच मीटरवर दिसत नाही, पण दोन आठवड्यांनी गॅसच्या आकड्यात दिसते.

बिघाड कुठे होतात

पाचक टाकीचा सर्वांत महाग आजार आम्लता. रविवारची भरपाई म्हणून सोमवारी दुप्पट मुरघास टाकला की आम्ल तयार करणारे जिवाणू धावत सुटतात आणि मिथेन करणारे मागे पडतात. आम्ल साठते, मिथेन करणारे आणखी मंदावतात. सामू घसरलेला दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून सामू न पाहता आम्ल आणि ते पेलण्याची क्षमता यांचे गुणोत्तर नियमित मोजतात. ते साधारण ०.३ च्या आसपास असावे. ०.५ च्या वर जाऊ लागले तर भरणा निम्म्यावर आणायचा, गरज पडल्यास बंद करायचा आणि वाट पाहायची. घाईने चुना ओतणे हा उपाय नव्हे.

दुसरा आजार गंधकाचा. गॅसमधला हायड्रोजन सल्फाइड इंजिनाच्या तेलात उतरून आम्ल होतो आणि बेअरिंग खातो. टाकीच्या वरच्या मोकळ्या जागेत गॅसच्या काही टक्के एवढीच हवा सोडली की जिवाणू त्याचे घन गंधक करतात. पिवळा थर छताखाली जमलेला दिसतो. हवा कमी पडली तर इंजिन जाते, जास्त झाली तर गॅस पातळ होतो आणि स्फोटाच्या हद्दीकडे सरकतो. हा पंप घड्याळावर ठेवून विसरण्याची वस्तू नाही.

लाकडाच्या बॉयलरचे दुखणे ओल. चाळीस टक्क्यांच्या वर ओल असलेल्या चिप्सनी ५५० किलोवॅटचा बॉयलर ते आकडे गाठत नाही, कारण उष्णतेचा मोठा भाग पाण्याची वाफ करण्यात जातो. लांब काड्या आल्या की चिप्स ढकलणारा स्क्रू अडकतो, आणि तो अडकतो नेमका थंडीच्या रात्री, कारण तेव्हाच तो सर्वांत जास्त फिरत असतो.

नळजाळ्यात भोक पडण्याची भीती असते, पण गळतीची सोय आधीच असते: आवरणातल्या फोममधून जाणाऱ्या तारा ओलावा लागताच जागा दाखवतात. खरे नुकसान शांतपणे होते, ते परतीच्या पाण्याने. घरातले रेडिएटर नीट संतुलित नसतील, जवळचा गरम आणि लांबचा थंड असेल, तर माणूस झडप पूर्ण उघडतो. पाणी धावत जाऊन न थंडावताच परत येते. पंचेचाळीसच्या जागी पासष्ट अंशांनी परत आले तर तेवढीच उष्णता पोचवायला दुपटीहून जास्त पाणी ढकलावे लागते, पंपाची वीज वाढते आणि शेवटच्या गल्लीतले घर थंड राहते. तक्रार शेवटच्या घराची, चूक मधल्या वीस घरांची. हे शोधायला प्रत्येक मीटरवरची परतीची नोंद महिन्यातून एकदा पाहणे पुरते.

आणि पचलेली स्लरी. ती खत म्हणून शेतावर परत जाते आणि वासाला कच्च्या शेणापेक्षा बरीच सौम्य असते. पण तिच्यातले नत्र लवकर उडते, म्हणून ओळीत लोंबणाऱ्या नळ्यांनी जमिनीलगत सोडायची आणि लगेच मातीत मिसळायची. हिवाळ्यात पसरायला कायद्याने बंदी असते, त्यामुळे सहा महिन्यांचा साठा मावेल एवढी झाकलेली टाकी लागते. ही दुसरी टाकी पाचक टाकीपेक्षा मोठी असते, आणि ‘नुसती साठवण’ म्हणून तिच्यावरचा खर्च कापायचा मोह होतो. कापू नये.

पैसा कुठून येत होता

सुरुवातीचा दर असा: वर्षाला पाचशे युरो ठरीव आणि वर युनिटमागे ४.९ सेंट. वर्षाला पंचवीस हजार युनिट उष्णता घेणारे जुने घर धरा. पाचशे अधिक बाराशे पंचवीस, म्हणजे १,७२५ युरो. हीच ऊब तेलावर घ्यायची तर लिटरला दहा युनिट आणि बॉयलरची कार्यक्षमता पंच्याऐंशी टक्के धरून जवळजवळ २,९५० लिटर लागतात. २००५ मध्ये लिटर पन्नास सेंटच्या थोडे वर होते, म्हणजे तेल सोळाशे युरोंच्या आसपास, आणि त्यावर धुराडे साफ करणारा, देखभाल, बॉयलरची झीज. नळाची ऊब थोडीच स्वस्त. २००८ च्या उन्हाळ्यात तेल नव्वद सेंटपर्यंत चढले, तेव्हा यून्डेचे घर वर्षाला नऊशे-हजार युरो वाचवत होते. २०१६ मध्ये तेल पुन्हा पन्नास सेंटखाली आले आणि फरक जवळपास पुसला गेला.

आता संस्थेच्या बाजूने. १४० घरांनी प्रत्येकी पंचवीस हजार युनिट घेतले तरी उष्णतेचे उत्पन्न वर्षाला अडीच लाख युरोंच्या आत. इंजिन वर्षाला सात-आठ हजार तास चालले तर वीज सुमारे पन्नास लाख युनिट होते, गावाच्या स्वतःच्या वापराच्या दुपटीहून जास्त. जर्मनीच्या अक्षय ऊर्जा कायद्यानुसार विकलेल्या विजेचा मूळ दर, शिवारातल्या पिकांसाठीचा जादा दर आणि उष्णता वापरल्याचा जादा दर मिळून युनिटला सोळा-सतरा सेंट धरले, तर हे आठ लाखांच्या पुढे जाते. चारातले तीन भाग पैसे विजेचे. गावाच्या नावलौकिकात ऊब होती, पण संस्थेचे घर विजेवर चालत होते. ऊब ४.९ सेंटला देता आली कारण इंजिन, टाकी आणि मुरघास यांचा खर्च विजेने उचलला होता.

या रचनेत दोन सुया टोचणाऱ्या होत्या. पहिली मुरघासाची. २००७ मध्ये गव्हाचे भाव जवळपास दुप्पट झाले. शेतकऱ्याने गव्हाची जमीन सोडून संस्थेला जुन्या भावाने मका का द्यावा? आणि भाव वाढवून दिला तर विजेचा दर कायद्याने बांधलेला, वाढणार नाही. इथे सहकारी रूप कामी येते, कारण शेतकरी पुरवठादार आणि सभासद दोन्ही असतो, स्वतःच्या घराची ऊब तिथूनच घेतो आणि स्लरी त्याच्याच शेतावर जाते. तरी हा ताण नुसत्या आपुलकीवर सोडू नये. भावाचे सूत्र, कोरड्या अंशाप्रमाणे वजनाचा हिशेब आणि फेरविचाराची तारीख करारातच हवी.

दुसरी सुई वेळेची. विजेचा दर वीस वर्षांसाठी होता. २००५ ला सुरू झालेल्या यंत्राला तो २०२५ च्या आसपास संपणार, हे पहिल्या दिवसापासून लिहिलेले होते.

वीस वर्षे, आणि त्याआधीच

हा शेवट वीस वर्षांनी येत नाही, बारा-पंधरा वर्षांनी येतो. इंजिन साठ हजार तासांच्या आसपास मोठ्या दुरुस्तीला येते, म्हणजे आठ वर्षांत एकदा आणि सोळाव्या वर्षी पुन्हा. टाकीचे ढवळणारे पाते झिजते, काँक्रीटचा गॅसकडचा भाग गंधकाने खाल्ला जातो. सोळाव्या वर्षी मोठा खर्च समोर असतो आणि खात्रीचे उत्पन्न चारच वर्षांचे, तेव्हा बँक कर्ज देताना हात आखडते.

मधल्या काळात कायद्याची दिशाही बदलली. २०१४ च्या सुधारणेने नव्या संयंत्रांसाठी पिकांचा जादा दर काढला. २०१७ पासून निविदा आल्या. जुन्या संयंत्राला तेव्हा आणखी दहा वर्षे मिळवता येत होती, पण बोली लावून, आणि बारा महिने सारखी वीज ओतण्याऐवजी वारा आणि ऊन नसताना चालवण्याच्या अटीवर. त्यासाठी इंजिनाची क्षमता वाढवायची, गॅस साठवायला मोठे छत बसवायचे, गरम पाण्याची मोठी टाकी उभारायची आणि वीजबाजारात रोज भाव पाहून विकायचे. साडेसातशे वस्तीच्या गावातल्या मानद संचालकांसाठी हा दुसरा प्रकल्पच झाला, आणि पहिल्याएवढी उमेद, तीन वर्षांच्या संध्याकाळी आणि नमुना प्रकल्पाचे अनुदान यातले काहीच दुसऱ्यांदा हाताशी नसते.

सहकारी संस्थेने पुढे प्रकल्प प्रादेशिक ऊर्जा कंपनीच्या हाती दिला. गावाला ऊब मिळत राहिली, मालकी गेली. याला अपयश म्हणणे मला चुकीचे वाटते. वर्षाला साडेतीन ते चार लाख लिटर तेल वाचले, कर्जाचे हप्ते भरले गेले, आणि जर्मनीतल्या पुढच्या गावांना खरे आकडे मिळाले. पण रचनेतली एक उणीव मान्य करायला हवी. उष्णतेचा दर इतका खाली ठेवला गेला की इंजिनाच्या दुसऱ्या जन्मासाठी वेगळी गंगाजळी साचायला जागा कमी उरली. युनिटमागे अर्धा-पाऊण सेंट जास्त घेऊन तो बाजूला ठेवला असता तर घरामागे वर्षाला सव्वाशे ते एकशे नव्वद युरो, आणि पंधरा वर्षांत सगळ्या घरांचे मिळून अडीच ते चार लाख. त्याने सगळे भागले नसते, पण बँकेसमोर बसताना गावाची बाजू वेगळी दिसली असती.

नळ मात्र यंत्रांपेक्षा जास्त जगतात. फोमच्या आवरणातले पोलादी नळ ऐंशी अंशांवर तीस-चाळीस वर्षे टिकतात. म्हणजे यून्डेच्या साडेपाच किलोमीटर जाळ्याचे अर्धे आयुष्य अजून बाकी आहे, आणि त्याला पाणी गायीच्या शेणाने तापवले की लाकडाने की मोठ्या उष्णता-पंपाने, याच्याशी देणेघेणे नाही. उष्णता-पंप लावायचा तर जाळ्याचे तापमान ऐंशीवरून सत्तर-पासष्टवर आणावे लागेल. त्याखाली जाताना अंघोळीच्या पाण्यात लेजिओनेला जिवाणू वाढू नयेत म्हणून साठवणीच्या टाकीत साठ अंश राखावेच लागतात. त्यामुळे पुढचे काम पुन्हा तळघरांतले आहे. १४० पेट्यांच्या मीटरवर परतीचे तापमान वाचायचे, पासष्ट दाखवणारी घरे आधी निवडायची, तिथले रेडिएटर एकेक करून संतुलित करायचे आणि लहान पत्र्यांचे विनिमयक बदलून मोठे बसवायचे.